कुत्र्याचे अन्न आणि कुत्र्याचा स्वभाव

रस्त्यावरच्या कुत्र्याचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाईल आणि तेथे तो महिनोन्महिने गाजत राहील, असे आपल्या वाडवडिलांस कोणी सांगितले असते, तर त्यांनी ती थट्टाच समजली असती. पण तसे झाले आहे खरे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली व तिच्या लगतच्या शहरांतील सारी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अवघ्या अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो सौम्य केला. नसबंदी करून व लस टोचून कुत्री जेथून उचलली तेथेच सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे ठरले. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती. रस्त्यात वाटेल तेथे कुत्र्यांस खाऊ घालण्यास मनाई झाली आणि प्रत्येक प्रभागात त्यासाठी नेमलेली जागा असावी, असे सांगण्यात आले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडांगणे, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवावीत आणि ती तेथे परत सोडू नयेत, असा आणखी एक आदेश निघाला.

या आदेशांवर बाजूने व विरुद्ध इतके लिहिले गेले आहे की, त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. माझे लक्ष वेधले ते त्यांतील एका लहानशा कलमाने, म्हणजे खाऊ घालण्याच्या कलमाने. कुत्र्याच्या पोटात काय जाते, किती जाते, कोठे व कोणाच्या हातून जाते, याचा त्याच्या वागण्याशी काही संबंध आहे काय? एक पक्ष म्हणतो, भुकेलेले कुत्रे चावते, म्हणून त्यास खाऊ घाला. दुसरा पक्ष म्हणतो, खाऊ घातल्यानेच ते माजते आणि चावते, म्हणून घालू नका. दोघेही आपापले म्हणणे स्वयंसिद्ध समजतात. वस्तुतः हा विषय असा आहे की, त्यावर शास्त्राने गेली शंभर वर्षे काही ना काही काम केले आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या या हैदराबाद शहरातच झालेला आहे.

आपल्या शहराला या प्रश्नाची आठवण निराळ्या कारणाने ठेवावी लागते. २०२३ च्या फेब्रुवारीत अंबरपेठेत चार वर्षांच्या एका मुलाचा कुत्र्यांच्या टोळीने बळी घेतला. काचीगुड्याहून अंबरपेठ किती दूर आहे हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. आपल्यातली कितीतरी बिऱ्हाडे त्याच भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्या वेळी एक खुलासा पुढे आला, आणि तो जबाबदार व्यक्तींच्या तोंडूनही ऐकू आला, की या कुत्र्यांस कोणी बाई नित्य खाऊ घालीत असे, ती दोन दिवस आली नाही आणि भुकेने कुत्री पिसाटली. लोकांस त्या बोलण्याचा संताप आला, आणि तो यावा हे स्वाभाविकच होते. ज्या घरातले मूल गेले त्या घराला कुत्र्याच्या भुकेची कैफियत कोण ऐकवील? परंतु संताप ओसरल्यानंतर तो खुलासा शांतपणे तपासून पाहणे मात्र आवश्यक आहे. कारण तो खरा असेल तर उपाय एक होईल, आणि खोटा असेल तर अगदीच दुसरा.

हा विचार करताना तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. भूक ही एक गोष्ट, कुपोषण ही दुसरी, आणि खाऊ घालण्याची रीत ही तिसरी. पोट रिकामे असणे म्हणजे भूक. पोट भरलेले असूनही शरीरास हवे ते न मिळणे म्हणजे कुपोषण. आणि अन्न चांगले व पुरेसे असूनही ते जेथे व जसे दिले जाते त्यातून भांडणे उभी राहणे, हा रीतीचा दोष. आपल्या चर्चेत या तिन्हींची खिचडी होते, आणि मग वाद मिटत नाही.

प्रथम कुपोषणाचा विचार करू, कारण त्याविषयी पुरावा सर्वांत जुना व सर्वांत भक्कम आहे.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत कुत्र्यांच्या एका विचित्र विकाराची फार चर्चा असे. चांगले धष्टपुष्ट कुत्रे एकाएकी भेदरून उठे, किंचाळत सैरावैरा धावत सुटे, भिंतींवर आदळे, मालकासही ओळखीनासे होई आणि शेवटी झटके येऊन पडे. पाहणाऱ्यास ते पिसाळले असेच वाटे. कोणी म्हणत जंतांमुळे, कोणी म्हणत एखाद्या संसर्गामुळे, तर कोणी म्हणत जातिवंत कुत्र्यांचे रक्तच नाजूक. १९४६ साली सर एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने या विकाराचे मूळ दाखवून दिले, आणि ते निघाले पावात! त्या काळी गिरणीचा मैदा पांढरा शुभ्र व्हावा व त्याची कणीक चांगली फुगावी म्हणून त्यास नायट्रोजन ट्रायक्लोराइड या वायूची प्रक्रिया देत. तशा मैद्याचा पाव व बिस्किटे खाणारी कुत्री थोड्याच दिवसांत वेडीपिशी होत. साध्या पिठावर ठेवलेली कुत्री शांत राहत. मैद्यातील प्रथिनाशी त्या वायूचा संयोग होऊन मज्जासंस्थेस घातक असे एक द्रव्य तयार होते, हे पुढे इतरांनी शोधून काढले. १९४९ मध्ये अमेरिकेने आणि त्यानंतरच्या दशकात ब्रिटननेही ती प्रक्रिया सोडून दिली. तोवर माणसांची सारी पोरेबाळे तोच पाव खात होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वेडसर कुत्र्यांचे आपल्यावर किती उपकार आहेत ते कळते. मेलनबीनेच त्यापूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, कुत्र्याच्या पिलांस सूर्यप्रकाशापासून दूर व निव्वळ धान्यावर ठेवून त्यांच्या पायांस मुडदूस आणून दाखविला होता आणि माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा करून दाखविला होता.

दुसरी हकीकत आपल्या अधिक जवळची आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गोरगरिबांत पेलाग्रा नावाचा रोग असे. अंगावर चट्टे, जुलाब आणि शेवटी बुद्धिभ्रंश, अशी त्याची चढती पायरी. त्याच आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडे, ती मलूल होत आणि मरत. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हे दोन्ही रोग एकच होत असे प्रतिपादन केले, आणि १९३७ साली विस्कॉन्सिनमध्ये कॉनराड एल्वेहयेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन काळ्या जिभेची कुत्री बरी केली. पाठोपाठ माणसेही बरी होऊ लागली.

आता यात हैदराबादचा संबंध काय? आपल्या दख्खनचे अन्न मका नव्हे, ज्वारी. आणि ज्वारीवरच भागविणाऱ्या येथल्या शेतमजुरांतही पेलाग्रा आढळे. कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस आली; तीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तारनाक्याच्या रस्त्याने जाताना तिची वास्तू आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तेथे डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा माग काढला. ज्वारीत ल्युसिन नावाचा प्रथिनघटक प्रमाणाबाहेर असतो आणि तो ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या घटकाच्या शरीरातील वापरात बिघाड करतो, असे त्यांनी मांडले. पिलांच्या आहारात ल्युसिन वाढवून त्यांनी काळी जीभ निर्माण करून दाखविली. या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि सर्व प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. भाकरीवर वाढलेल्या आपल्या लोकांनी मात्र घाबरण्याचे कारण नाही. भाकरीबरोबर डाळ, ताक, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी असली म्हणजे ज्वारी दोषी ठरत नाही. दोष होता तो नुसत्या भाकरीचा, म्हणजेच दारिद्र्याचा.

या ट्रिप्टोफॅनचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण कुत्र्याच्या स्वभावाची आजची सारी चर्चा त्याच्याभोवती फिरते. अन्नातील प्रथिनांतून मिळणारा हा घटक शरीरात दोन कामी येतो. त्यापासून वर सांगितलेले निकोटिनिक आम्ल बनते, आणि मेंदूत सेरोटोनिन नावाचे रसायनही बनते. हे सेरोटोनिन मनाच्या शांतीशी व आवेग आवरण्याशी निगडित आहे. तेव्हा सहजच कल्पना निघाली की, चिडक्या कुत्र्याचा आहार बदलून त्यास शांत करता येईल काय?

अमेरिकेत २००० साली असा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेहतीस पाळीव कुत्री घेतली. त्यांत अकरा घरच्यांवरच गुरगुरणारी, अकरा आपल्या हद्दीत येणाऱ्यावर धावून जाणारी आणि अकरा अतिचंचल. त्यांना आळीपाळीने एकेक आठवडा चार प्रकारचे अन्न दिले: प्रथिने अधिक व कमी, आणि प्रत्येकात ट्रिप्टोफॅनची भर घालून व न घालता. घरच्यांवर गुरगुरणाऱ्यांचा राग अधिक प्रथिने पण भर न घातलेल्या अन्नावर सर्वांत जास्त दिसला. हद्द राखणाऱ्यांचा राग कमी प्रथिने व ट्रिप्टोफॅनची भर असलेल्या अन्नावर उतरला. चंचलांत मात्र काही फरक पडला नाही. हे वाचून कोणी लगेच ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या आणावयास निघेल, तर त्याने २००९ साली हॉलंडमधून प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोगही वाचावा. तेथे एकशे अडतीस सौम्य भित्र्या पाळीव कुत्र्यांवर ही परीक्षा झाली. रक्तातील ट्रिप्टोफॅन वाढले, पण वागण्यात फरक दिसला नाही. इटलीत १८ आक्रमक जर्मन शेफर्ड कुत्र्यांच्या रक्ताची तितक्याच शांत कुत्र्यांच्या रक्ताशी तुलना झाली, आणि आक्रमकांत माशाच्या तेलात असणारी स्निग्धाम्ले कमी आढळली. पण कमी असल्याने ती चिडकी झाली, की सतत चिडण्याच्या अवस्थेमुळे कमी झाली, हे अशा तुलनेवरून ठरत नाही. पिलांच्या बाबतीत पुरावा जरा बरा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अठ्ठेचाळीस बीगल पिलांपैकी ज्यांना आठव्या आठवड्यापासून वर्षभर माशाच्या तेलाचा भरपूर अंश असलेले अन्न मिळाले, ती शिकण्यात व शिकलेले बदलण्यात इतरांहून सरस ठरली.

या सर्वांचे तात्पर्य मी असे काढतो. अन्नात काही विषारी गेले, किंवा काही अत्यावश्यक घटक मुळीच मिळाला नाही, तर कुत्र्याचे डोके फिरते, यात शंका नाही. परंतु ज्याला साधारण बरे अन्न मिळते त्याचा स्वभाव एखाद्या घटकाच्या कमीअधिकपणाने थोडाच हलतो. तो घडतो तो मुख्यतः त्याच्या रक्तातून, पिलूपणीच्या संस्कारांतून आणि ज्या माणसांत तो राहतो त्यांच्या वागण्यातून. अन्न हे स्वभावाचे एक कारण आहे; एकमेव नव्हे.

आता भुकेकडे वळू. आपल्या गल्लीतले कुत्रे कोणत्या अन्नावर जगते? त्यास मांसाहारी प्राणी म्हणण्याची रीत आहे, पण कुत्रा लांडग्यापासून फुटला तेव्हापासून त्याने आपल्या उकिरड्याशी संसार थाटला आहे. स्वीडनमधील एरिक अॅक्सेलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले की, पिष्टमय अन्न पचविणारा जो जनुक लांडग्यात दोन प्रतींत असतो, तो कुत्र्यात चार ते तीस प्रतींत असतो. म्हणजे भाकरी, भात, पाव पचविण्यासाठी त्याची घडण माणसाच्या सहवासातच बदलली. कोलकात्याच्या विज्ञान संस्थेतील डॉ. अनिंदिता भद्रा व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. त्यांस असे आढळले की, ही कुत्री खातात मुख्यतः पिष्टमय अन्न, पण मांसाचा वास आला की प्रथम त्याकडे वळतात. त्यांच्याच पाहणीत तीनशे चौसष्ट पिलांपैकी शेकडा एकोणीसच जननक्षम वयापर्यंत जगली, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या मृत्यूस माणसाचा हात लागला होता.

हे आकडे वाचून मन द्रवते, पण त्यातून निघणारा अर्थ निराळा आहे. असे जगणारा प्राणी भूक सोसण्यात मुरलेला असतो. एखाद्या दिवशी मिळाले नाही म्हणून माणसाकडे भक्ष्य म्हणून पाहणे त्याच्या रीतीत बसत नाही. तो दुसरा उकिरडा शोधतो. देशात लक्षावधी कुत्री रोज अर्धपोटी झोपतात. भुकेनेच ती माणसावर तुटून पडत असती, तर आपल्यास रस्त्याने चालताच आले नसते. माणसावर धावून जाणे घडते ते बहुधा निराळ्या कारणांनी. पिले असलेली कुत्री, टोळीतील एकाने सुरुवात करताच इतरांस चढणारा आवेग, धावणारे वा पडलेले एकटे मूल, पूर्वी कोणी दगड मारलेला, आणि अन्नाच्या जागेवरची मालकी, ही ती कारणे. म्हणून दोन दिवस अन्न न मिळाल्याने हत्या घडली, हा खुलासा मला पटत नाही. तो प्रश्न सोपा करतो, आणि जबाबदारी एका न आलेल्या बाईवर टाकून मोकळा होतो. नसबंदी किती झाली, कचरा किती दिवस पडून होता, त्या टोळीविषयी आधी तक्रारी होत्या काय, हे विचारणे मग राहूनच जाते.

तरीही अन्नाचा संबंध आहेच, पण तो तिसऱ्या वाटेने, म्हणजे रीतीने. आमच्या मोहल्ल्यात रोज रात्री दहाच्या सुमारास एक सद्गृहस्थ स्कूटरवरून येतात आणि चौकाच्या तोंडाशी कागदावर भात व कोंबडीचे पाय टाकून जातात. त्यांची भूतदया खरी आहे. पदरचे पैसे खर्च करून ते हे करतात. पण ते येण्यापूर्वी अर्धा तास आठनऊ कुत्री तेथे येऊन बसतात, आणि त्या अर्ध्या तासात व पुढच्या अर्ध्या तासात त्या चौकातून कोणी सायकलवाला गेला की त्याच्या पोटऱ्या धोक्यात असतात. बाकीच्या दिवसभर तीच कुत्री दुकानाच्या पायरीवर निवांत लोळत पडलेली असतात. कुत्री तीच, चौक तोच. बदलते ती फक्त अन्नाची वेळ. कुत्र्याला अन्नाची राखण करण्याची उपजत ओढ असते. थोडे अन्न, एकच ढीग आणि पुष्कळ तोंडे अशी स्थिती आली की ही ओढ चाव्यात उतरते. हेच अन्न पाच ठिकाणी, अंतराने, रहदारीपासून दूर ठेवले तर भांडणाचे कारणच उरत नाही. खाटकाच्या दुकानामागे फेकलेल्या आतड्यांचा ढीग हाच दोष शतपटीने करतो, कारण तेथे वेळही ठरलेली नसते आणि नसबंदीसाठी कुत्रे पकडण्याइतका विश्वासही कोणी संपादन केलेला नसतो.

आपल्या घरांत कुत्र्याला घास देण्याची रीत नवी नाही. जेवणापूर्वी गाईचा घास, कावळ्याचा घास बाजूला काढणाऱ्या आपल्या आज्यांनी उरलेली भाकरी कुत्र्यासाठी ठेवलीच. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री आपण लहानपणापासून पाहतो. कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहेत. पण आजीची भाकरी दारातल्या एका ओळखीच्या कुत्र्याला जाई, त्याचे नाव घरात सर्वांस माहीत असे आणि ते कोणास चावले तर शेजारी आजीलाच जाब विचारीत. दया आणि जबाबदारी एकाच घरात राहत होत्या. आज दया स्कूटरवरून येते आणि निघून जाते. जबाबदारी चौकात उरते.

पाळलेल्या कुत्र्यांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपल्यातली कित्येक घरे शाकाहारी आहेत, आणि हल्ली नातवंडांच्या हट्टापायी लॅब्राडोर वा पामेरियन घरात येते. मग त्यास दूधपोळी, दूधभात आणि येताजाता ग्लुकोजची बिस्किटे. मोठ्या कुत्र्याच्या अन्नात, पाणी वजा जाता, शेकडा अठरा भाग तरी प्रथिने असावीत आणि वाढत्या पिलाच्या अन्नात शेकडा साडेबावीस, असे पाश्चात्त्य पशुआहारशास्त्राचे प्रमाण आहे. बिस्किटात हे प्रमाण शेकडा सहासात, आणि पोळीभाकरीत दहाबारा. दुधातली साखर पुष्कळ मोठ्या कुत्र्यांस पचत नाही. मग पोट बिघडते, आणि पोट दुखणारे कुत्रे चिडखोर होते. पंधरा किलो वजनाच्या साधारण कुत्र्यास दिवसाकाठी आठनऊशे कॅलरी पुरतात. आपण त्यापेक्षा कितीतरी अधिक कोंबतो आणि त्यास फिरावयास नेत नाही. मग ते लठ्ठ होते, सांधे दुखू लागतात, आणि दुखऱ्या कमरेवर मुलाने हात ठेवला की ते गुरगुरते. घरचे म्हणतात, ‘एकाएकी स्वभाव बदलला.’ स्वभाव नव्हे, कंबर बदललेली असते. म्हणून एरवी शांत असलेले कुत्रे चिडू लागले तर प्रथम पशुवैद्यास दाखवावे. शाकाहारी घरांत अंडी चालत असतील तर ती द्यावी; नसतील तर पशुवैद्याच्या सल्ल्याने तयार संतुलित अन्न द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र प्रेमानेही देऊ नये; ती त्यास विष आहेत. आणि कुत्रे जेवत असता मुलांनी त्याच्या ताटलीत हात घालू नये, हा नियम घरातल्या सर्वांस बजावून ठेवावा.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पिसाळणे हा आहाराचा विकार नव्हे. तो विषाणूचा रोग आहे. त्यावर तूप, दूध, मंत्र वा उतारा यांपैकी काहीही चालत नाही, आणि माणसात लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळच असतो. भारतीय संशोधकांनी २०२५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत वर्षाला सुमारे एक्याण्णव लाख प्राणिदंश व पाच हजार सातशे मृत्यू असा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेचे पूर्वीचे अंदाज याहून बरेच मोठे आहेत. कोणताही आकडा घ्या, लस उपलब्ध असताना होणारे हे मृत्यू लाजिरवाणे आहेत. कुत्रे चावले की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ‘ओळखीचे कुत्रे आहे, रोज आपल्याच हातचे खाते’, हे कारण सांगून लस टाळू नये.

आता पुन्हा न्यायालयाच्या त्या कलमाकडे येतो. नेमलेल्या जागीच खाऊ घालावे, हा नियम मला योग्य वाटतो. किंबहुना २०२३ च्या केंद्रीय नियमांतही जिने, मुलांच्या खेळाच्या जागा यांपासून दूर आणि ठराविक वेळी खाऊ घालावे, असे सांगितलेच होते. ते कोणी पाळले नाही, कारण जागा नेमावयाची कोणी, हे वसाहतीतल्या मंडळींनी भांडणात घालविले. आता निदान महापालिकेवर तो भार आला आहे. परंतु जागा नेमणे म्हणजे भिंतीवर पाटी लावणे, असा अर्थ झाला तर या नियमाचे काही होणार नाही. माझ्या मते चार गोष्टी एकत्र झाल्या पाहिजेत. जागा नेमली की तेथे येणाऱ्या कुत्र्यांची मोजदाद व्हावी; एका जागी एकाच वेळी जमणारी कुत्री पकडणे सोपे असते, तेव्हा त्याच जागेवरून नसबंदी व लस यांचे काम चालावे. रोगाची साखळी तोडण्यास शेकडा सत्तर कुत्र्यांस तरी लस मिळावी लागते, आणि ओळखीच्या हाताशिवाय तितकी कुत्री हाती लागत नाहीत. दुसरे, खाऊ घालणाऱ्याने आपले नाव महापालिकेत नोंदवावे, खाण्याची जागा स्वच्छ करावी आणि चिडक्या वा आजारी कुत्र्याची वर्दी द्यावी. तिसरे, उघड्यावर मांसाचा कचरा टाकणाऱ्या दुकानांवर दंड बसावा, कारण खरा अन्नदाता भूतदयावादी नव्हे, उकिरडा आहे. आणि चौथे, कुत्र्यांच्या नावाने भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी महिन्यातून एकदा तरी एकत्र बसावे.

कोणी विचारील की, या सर्वांस खर्च किती? खर्च आहेच. पण निवारे बांधून लक्षावधी कुत्र्यांस जन्मभर कोंडून पोसण्याचा खर्च याच्या कितीतरी पट आहे, आणि त्या कोंडवाड्यांत दाटी, अपुरे अन्न व सततची भांडणे यांनी जी कुत्री तयार होतील त्यांच्या स्वभावाविषयी न बोललेलेच बरे. मेलनबीच्या कुत्र्यांनी एक धडा शिकविला होता: प्राण्याचे वागणे बिघडलेले दिसले की त्याच्या जातीला शिव्या देण्याआधी त्याच्यापुढे काय वाढले आहे ते पाहावे. आपल्या शहरातल्या कुत्र्यांपुढे आपण वाढले आहे ते आपला कचरा, आपली सवड होईल तेव्हाची दया आणि इतर वेळी दगड. अंबरपेठेतल्या त्या घराचे मूल परत येणार नाही. पुढचे वाचवावयाचे असेल, तर वाढणाऱ्या हाताला नाव, वेळ आणि हिशेब हे तीन असले पाहिजेत, आणि ते ठरविण्यासाठी कोणत्याही न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गल्लीत ते या महिन्यात सुद्धा ठरविता येईल.